गाझियाबादच्या गच्चीवर कागदाची खोली

मे महिन्यात दिल्लीला कोण जातं? हा प्रश्न मला नवऱ्याने विचारला, सासूबाईंनी विचारला, शाळेतल्या शिपायानेसुद्धा विचारला. शहाणी माणसं सिमल्याला जाताना दिल्लीत नाइलाजाने एखादा दिवस काढतात. मी मात्र मिरजेहून निघून थेट गाझियाबादला आठ दिवस राहायला चालले होते, आणि तेही कागदाच्या विटा बघायला.

झालं असं की मार्चमध्ये मामांचा फोन आला. माझे मामा सरकारी खात्यातले निवृत्त इंजिनिअर. सगळं आयुष्य दिल्लीत गेलं, त्यातली शेवटची अठ्ठावीस वर्षं गाझियाबादच्या स्वतःच्या घरात. फोनवर ते एरवी हवामान विचारतात आणि ‘आई कशी आहे’ म्हणतात, संपलं. त्या दिवशी म्हणाले, “नंदू, मी रद्दीची खोली बांधतोय. सुट्टीत ये. भूगोलाच्या बाईंनी बघावं असं आहे.” माणूस म्हातारपणी असं काही बोलायला लागला की घरचे काळजी करतात. मी तिकीट काढलं.

गोवा एक्सप्रेसने मिरजेहून दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आसपास. उन्हाळ्यात एसी परवडत असेल तर खुशाल घ्या, कारण भुसावळनंतर खिडकीतून येतो तो वारा नसून भट्टीची हवा असते. पण मला स्लीपरच आवडतो. दुपारभर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मी अर्धवट झोपेत होते, बाहेर पिवळी जमीन सरकत होती, आणि कुठलं स्टेशन कधी गेलं याचा हिशेब मी सोडून दिला होता. सगळ्या प्रवासभर ती गुंगी माझ्यावर राहिली. पुढचं वाचताना तेवढं गृहीत धरा.

निझामुद्दीनला सकाळी उतरलात आणि गाझियाबादला जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. दिल्लीचा रिक्षावाला हद्द ओलांडत नाही. “यूपी में नहीं जाएगी, मैडम,” असं तीन जणांनी मला तोंडावर सांगितलं, जणू मी त्यांना काबूलला न्यायला निघाले होते. चौथ्याने आनंदविहारला सोडलं. तिथून मोहननगरकडे जाणाऱ्या शेअर ऑटोत दहा रुपयांत जागा मिळते. जागा म्हणजे अर्धी मांडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट उभे टॉवर, त्यांच्या उघड्या मजल्यांवर वाळत घातलेल्या मजुरांच्या साड्या, आणि खाली पाटी: इटालियन संगमरवर, स्विमिंग पूल, स्वर्गातलं आयुष्य. धुळीमुळे टॉवरांचे बुंधे दिसत नव्हते, ते वरच्यावर तरंगत होते. मला ते दृश्य फार आवडलं. तिथे फ्लॅट घेतला नाही म्हणूनही आवडलं असेल.

मामांचं घर बैठं आहे. त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा समोर गव्हाची शेतं होती, आता गल्लीत प्रत्येक प्लॉटवर चार मजले आहेत आणि मधोमध हे एकटं बुटकं घर. मामीने दारातच पन्ह्याचा पेला हातात दिला आणि म्हणाली, “आधी वर जा. नाही तर हे जेवू देणार नाहीत.”

गच्चीवर मामा गमछा बांधून उभे होते. त्यांच्यासमोर एक निळा पिंप, त्यावर मोटार, आणि मोटारीला लाकडी रवी. ही रवी एका लस्सीवाल्याकडून सेकंडहँड घेतलेली. आदल्या दिवशी भिजवलेली रद्दी त्यात घुसळायची, लगदा जुन्या मच्छरदाणीतून गाळायचा, त्यात सिमेंट आणि थोडी वाळू कालवायची आणि लाकडी साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी साचा काढायचा आणि पुढे सगळं काम उन्हाचं. मामा त्याला पेपरक्रीट म्हणतात. त्यांचा मिस्त्री रामआसरे त्याला ‘कागज़ वाली ईंट’ म्हणतो आणि म्हणताना जरा हसतो.

“धर,” मामा म्हणाले. मी ताकद लावून उचलली आणि ती वीट जवळजवळ माझ्या कपाळावर आली, इतकी हलकी. करड्या रंगाची, खरबरीत. निरखून पाहिलं तर तिच्या अंगावर अक्षरं होती. अख्खा शब्द नाही, पण कुठे ‘भाव’, कुठे ‘निध’, कुठे नुसता वेलांटीचा तुकडा. मामांकडे डाकेने दोन दिवस उशिरा येणारा मराठी पेपर अठ्ठावीस वर्षं साठलेला होता. शिवाय दिल्लीत स्पर्धा परीक्षेसाठी राहणारी आपल्याकडची मुलं शेवटचा अटेम्प्ट संपला की नोट्सच्या गोण्या मामांकडे टाकून गावी जातात. तेही सगळं त्यात. बिल्डरांची चकचकीत माहितीपत्रकं मात्र लगद्यात मिसळत नाहीत, वर तरंगत राहतात. मामांनी ती चिमट्याने काढून दाखवली आणि फार खूश झाले.

हलक्या विटा कशाला, तर मामांच्या घराचं छत जुन्या पद्धतीचं आहे. लोखंडी तुळया आणि त्यांवर लाल दगडाच्या लाद्या. त्यावर भाजक्या विटांची खोली चढवली तर ती थेट दिवाणखान्यात उतरेल. आणि वर खोली हवी कशाला, तर अमोलसाठी. अमोल मामांचा एकुलता एक मुलगा, गुडगावला मोठ्या कंपनीत आहे, चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याचं म्हणणं, हे घर बिल्डरला द्या आणि आमच्या शेजारी फ्लॅट घ्या. मामांचं म्हणणं, तूच बायको-मुलीला घेऊन इकडे ये. जागा नाही, हे अमोलचं उत्तर होतं. मग मामांनी जागा करायला घेतली. शेवटी बापलेकांत ठरलं ते असं: पावसाच्या आधी खोली उभी राहिली तर घर विकायचं नाही. नाही राहिली, तर मामांनी बिल्डरच्या कागदावर सही करायची.

“पाऊस जूनअखेर येतो,” मामा म्हणाले, “आणि विटा वाळत नाहीयेत.”

त्यांनी सव्वा किलोची मर्यादा ठरवली होती. त्याहून जड वीट छताला चालणार नाही. एप्रिलमध्ये, मामी नातीच्या परीक्षेसाठी पंधरा दिवस गुडगावला होती तेव्हा, पहिल्या खेपेच्या विटा केल्या. आठवडाभरात त्या वाळल्या. नंतरच्या दोन्ही खेपा दोन किलोंच्या खाली यायला तयार नाहीत. चव्वेचाळीस डिग्री, वर लू वाहते आहे, पापड तासाभरात वाळतो, आणि कागद ओला! मामांनी सिमेंट बदललं, वाळू बदलली, कागदही बदलून पाहिला. रामआसरेला तर दहादा बजावलं होतं की या विटांना पाणी अजिबात मारायचं नाही, कागद आत पुरेसं पाणी धरून ठेवतो. “माझंच गणित चुकतंय,” असं ते म्हणाले. मामांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसरा दिवस मी झोपून आणि खाऊन काढला, त्याबद्दल मला अजिबात खेद नाही. सकाळी कोपऱ्यावरची बेडमी पुरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी, वीस रुपयांत दोन माणसं गार. दुपारी शिकंजी, म्हणजे आपलं लिंबू सरबतच, पण त्यात जो मसाला घालतात त्याने डोळे उघडतात. मग वाळ्याच्या पडद्याचा कूलर, ओल्या गवताचा वास, आणि अर्ध्या झोपेत वरून येणारी रवीची घरघर. मराठी माणूस दिल्लीकडे आला की पानिपतला काला अंब बघायला जातोच जातो. मी गेले नाही. मला त्या घरघरीतून हलावंसंच वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मात्र अमोलने जेवायला बोलावलं. आनंदविहारहून मेट्रो, राजीव चौकाला बदलायची आणि थेट गुडगाव; तीस रुपयांच्या आत, दोन तास थंडगार. दिल्लीत ज्यांना उन्हाळा काढायचाय त्यांनी दिवसभर मेट्रोतच बसावं. गुडगावच्या मॉलमध्ये अमोलने मला अशा ठिकाणी नेलं जिथे वरणभातापेक्षा ताट मोठं होतं.

“ताई, एक बोलायचं होतं,” तो म्हणाला. “तू बाबांना समजाव ना, यार. खोली झाली ना, तरी आम्ही नाही येणार. इराची स्कूल इथे, आमची दोघांची ऑफिसं इथे. रोज तीन घंटे गाडीत? बिल्कुल पॉसिबल नाहीये.”

“मग अट कशाला घातलीस?”

“मला काय माहीत ते खरंच बनवतील! कागदाचं घर, यार. मला वाटलं, चलो, एक महिना टाइमपास करतील.” तो काटा ताटात फिरवत राहिला. “आता कसं सांगू? रोज फोनवर विटेचं वजन सांगतात मला.”

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी तो सातवीत असताना दिसायचा तसा दिसला, प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवून उभा. समजावणं मला जमणार नव्हतं, पण हे मामांना सांगणार नाही एवढं मी कबूल केलं. परत येताना मेट्रोच्या खिडकीतून सगळं शहर वितळल्यासारखं दिसत होतं. म्हणजे एक माणूस न येणाऱ्या मुलासाठी न वाळणाऱ्या विटांची खोली बांधत होता, आणि हे मला माहीत होतं.

गच्चीवर मामी आणि मी झोपायचो. मामा खाली, कूलरसमोर. पहिल्या दोन पहाटे मी दगडासारखी पडले होते, पण अमोलचं बोलणं डोक्यात असल्याने चौथ्या दिवशी उजाडताच जाग आली. आकाश फिक्कट जांभळं, हवा चक्क गार, कबुतरं अजून गप्प. आणि मामी पदर खोचून, हातात रबरी नळी घेऊन, विटांच्या रांगांमधून हळूहळू चालत होती. पाणी अगदी बारीक सोडलेलं. एकेका विटेला ती न्हाऊ घालत होती.

“मामी, काय करतेस?”

“झोप तू. पाणी मारतेय. सिमेंट आहे ना त्यात. एकवीस दिवस पाणी मिळालं नाही तर सिमेंटला ताकद येत नाही. यांना आणि त्या रामआसरेला शुद्ध नाही. सांगायला गेलं तर म्हणतील, तुला काय कळतं. म्हणून मी आपली उठले की उरकून टाकते.”

आठ वाजता मामा वर यायचे तोवर वरची कड वाळून पांढरी झालेली असायची. आतला कागद मात्र सगळं पाणी पिऊन बसायचा.

मी काही बोलायच्या आत तीच बोलू लागली. “हे घर बांधलं तेव्हाही मीच मारलंय पाणी. आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. इथला चौकीदार भिंतींचं प्लास्टर झालं आणि पळून गेला. यांची रजा संपलेली. सांगितलं असतं तर बिनपगारी काढून बसले असते. मग मी रोज अमोलला शाळेत सोडून दोन बसा बदलून इथे यायची. हातपंपाचं पाणी बादलीने. एकवीस दिवस. तो पंप कुठे होता सांगू? तिथे, आता मोटारसायकल उभी आहे ना, तिथे.”

“मामांना माहीत आहे?”

“कशाला सांगायचं? घर उभं राहिलं ना.”

मी तिथेच बसले. या घराच्या भिंतीत खिळा ठोकताना वाकतो, हे मामा प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि वर सिमेंट-वाळूचं प्रमाण ऐकवतात. ते मलाच पन्नासदा ऐकवलंय. आता मी मामीला काय सांगू? गप्प राहिले तर खोली होणार नाही. बोलले तर हिच्या वर्मी लागणार. शेवटी माझा मास्तरकीचा स्वभाव आड आला आणि मी खरं सांगून टाकलं, की हा कागद पाणी धरून ठेवतो, याला वरून पाणी द्यायचं नसतं.

तिने नळी खाली ठेवली. “म्हणजे माझ्यामुळे वाळत नाहीयेत?”

“तुला कुणी सांगितलंच नव्हतं ना.”

“नाही,” ती म्हणाली. “मला कुणी काहीच सांगत नाही.” आणि नळ बंद करून खाली गेली.

चहाच्या वेळी तिने स्वतःच मामांना सांगितलं. विटांचंही आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीचंही, एका दमात, आवाज न चढवता. मला वाटलं, आता मामा भडकणार. त्यांनी कप खाली ठेवला. मग उठले आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. “मी चौकीदाराला बक्षिसी दिली होती,” ते म्हणाले. “चांगलं पाणी मारलंस म्हणून. पळून गेला होता, तरी पैसे घ्यायला बरा आला.” ते हसले नाहीत. मामीही हसली नाही. मी कपबशा उचलल्या.

रविवारी अमोल आला, एकटाच. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत बिल्डरचे कागद. वर जाऊन विटा पाहून आला आणि आल्या आल्या म्हणाला, “बाबा, महिनाच उरलाय. आता मान्य करा ना.” मामा दोन खेपा नव्याने वाळवण्याचं वेळापत्रक सांगू लागले. अमोल ऐकेना. आवाज चढले. मी जमिनीकडे बघत होते.

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “अमोल, खोली झाली तर तू येणार आहेस का? खरं सांग.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, पण नजरही चुकवली नाही.

“नाही, आई,” तो म्हणाला. “सॉरी.”

मामा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. अमोलच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी त्याने कागद टेबलावर ठेवलेच. “मग बाबा, आता रीझनच काय उरलं? सही करून टाका.”

“यांची सही कशाला?” मामी म्हणाली. “घर माझ्या नावावर आहे.”

खरं होतं ते. मामा सरकारी नोकर, प्लॉट बायकोच्या नावाने घेतलेला, तेव्हा बहुतेक जण तसंच करायचे. मामा विसरले नव्हते, पण ती सही आपलीच आहे असं इतकी वर्षं धरून चालले होते. बिल्डरने कागदावर नाव तिचंच छापलं होतं. ते आम्ही तिघांनीही वाचलं नव्हतं.

“दोन महिने तुम्ही दोघं पैज लावून बसलात. मला एकदा तरी विचारलंत? मला चौदाव्या मजल्यावर जायचं नाही. चक्कर येते मला तिथे.” मग ती मामांकडे वळली. “आणि अहो, वरची खोली बांधा. अमोलसाठी नको. मला हवी आहे.”

“तुला? कशाला?” मामांनी खरोखर न कळून विचारलं.

“दार लावून बसायला,” ती म्हणाली. “सदतीस वर्षं या संसारात आहे, दुपारी दोन तास कुणी चहा मागणार नाही अशी जागा नाही मला. बसेन, वाचेन, नाही तर नुसती पडून राहीन. ते मी बघीन.”

अमोलने कागद पिशवीत परत घातले. जेवणं उरकली. पण निघताना तो वर गेला आणि दोन किलोची एक वीट उचलून उन्हाच्या बाजूला सरकवली, मग दुसरी, मग रांगच. इस्त्रीचा शर्ट राखेच्या रंगाचा झाला. मामा बराच वेळ जिन्यात उभे राहून बघत होते. मग वर गेले आणि म्हणाले, “कडेवर उभी ठेव. दोन्ही बाजूंनी वारा लागला पाहिजे.”

माझे उरलेले दिवस विटा उलट्या-सुलट्या करण्यात गेले. मामांनी खोली लहान केली, आठ बाय दहा. शेवटच्या संध्याकाळी गच्चीवर खडूने तिचा चौकोन आखला, आणि खडू हातात धरून मामीला विचारलं, “खिडकी कुठे पाहिजे?” मामी चौकोनाच्या आत जाऊन उभी राहिली, सावकाश एक गिरकी घेतली आणि पूर्वेला बोट दाखवलं. दूर धुळीत टॉवरांवरच्या क्रेनचे लाल दिवे लागत होते. त्या क्षणी मला तिथून निघायचं नव्हतं, अगदी रडू येईल इतकं नव्हतं.

परतीच्या गाडीत स्लीपरच होता आणि गुंगीही तीच. घरी आल्यावर लोक विचारतात, दिल्लीला काय पाहिलंस? लाल किल्ला? कुतुबमिनार? मी म्हणते, विटा पाहिल्या. कुणाला जायचं असेल तर मे महिन्यातच जा, कारण कागद वाळताना बघायचा तर ऊन तसलंच लागतं. मी आल्यावर आमच्या घराची कागदपत्रं कपाटातून काढून नीट वाचली. त्यात काय निघालं ते इथे लिहीत नाही, पण तुम्हीही वाचा.

खोली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उभी राहिली. वर पत्रा, बाहेरून प्लास्टर. पहिल्या पावसानंतर मी फोन केला तर मामांनी उचलला.

“गळते का?”

“एक थेंब नाही. पण एक घोटाळा झालाय. कागदाच्या भिंतीतून आवाज जातच नाही. ती आत असली की खालून हाक मारून उपयोग नाही. आणि पंखा लागला की विचारूच नकोस.”

“मग काय करता?”

“काय करणार? जिना चढून जातो. दार वाजवतो.”

“आणि?”

“आणि थांबतो,” मामा म्हणाले.